तुला कुठलं बिस्कीट आवडतं?

दुपारची भांडी आवरली असतील, कुणी तांदूळ निवडत बसली असेल, कुणी बांधावरच्या झाडाखाली मोबाइलवर रेडिओ लावला असेल. आज मी कुठल्या योजनेची माहिती सांगणार नाही, की कर्जाचा हप्ता भरला का तेही विचारणार नाही. आज मी बोलणार आहे बिस्किटांवर. हसू नका. आणि बिस्किटं तरी कसली, तर साधी, फिकी, फारशी गोड नसलेली. मारी, खारी, टोस्ट, बटर आणि आपण भट्टीवर पीठ नेऊन करून आणतो ती गव्हाची.

विषय कसा निघाला ते आधी सांगते. आमच्या बचत गटात आम्ही चौदा जणी. दर महिन्याच्या पाच तारखेला देवळाच्या सभामंडपात बैठक असते. बैठकीच्या चहाची पाळी एकेकीकडे येते. गेल्या पावसाळ्यात माझी पाळी होती. आदल्या दिवशी मी पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीत, जी भेटेल तिला विचारत होते, "उद्या चहाबरोबर काय आणू?" प्रत्येकीचं उत्तर एकच. "काय बी आण गं, चालंल."

दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, कुठला पुडा देऊ?" आणि मी नुसतीच उभी. चौदा बायकांना ओळखते, कुणाच्या घरात किती जनावरं, कुणाचा किती हप्ता थकलाय, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलंय, सगळं तोंडपाठ. पण यातल्या एकीला तरी चहाबरोबर काय आवडतं? मला सांगता येईना. शेवटी तीन तऱ्हेचे पुडे घेतले, एक क्रीमचा, एक ग्लुकोजचा, एक मारीचा.

बैठकीत काय झालं, तुम्हाला अंदाज असेलच. क्रीमची बिस्किटं कुणी खाल्लीच नाहीत. ती पदराच्या गाठीत गेली, घरी पोरांसाठी. ग्लुकोजची निम्मी गाठीत, निम्मी चहात. मारी तेवढी ताटलीत उरली आणि मग ती हळूहळू संपली. मला गंमत वाटली. हिशेबाची वही मिटल्यावर मी म्हटलं, "आता एकेकीनं सांगायचं, तुला कुठलं बिस्कीट आवडतं?"

पहिली म्हणाली, "आमच्या बारक्याला क्रीमचं लागतं."

मी म्हटलं, "बारक्याचं नाही विचारलं. तुझं सांग."

"आमचे ह्ये खारी खात्यात."

"त्यांचंही नाही."

ती गप्प बसली. मग पदर सावरत हसली आणि म्हणाली, "माझं? माझं काय न्हाई. मोडलेलं उरतं, त्ये मी खाते."

मैत्रिणींनो, ही बाई साधी नव्हे. तिच्या गोठ्यात चार जनावरं आहेत. कुठल्या गाईला सरकी पेंड चालते, कुठली गोळी पेंडीला तोंड लावत नाही, हे ती झोपेतसुद्धा सांगेल. गाईची आवड तिला ठाऊक आहे. स्वतःची सांगता येत नव्हती. आणि खरं सांगू, दुकानात उभी असताना मलाही माझी सांगता आली नसती.

पण एकदा बांध फुटला की पाणी थांबत नाही. एक बोलली, मग दुसरी बोलली, आणि अर्धा तास आम्ही बिस्किटांवरच बोलत होतो.

आमच्यातल्या सगळ्यात वडील काकूंना टोस्ट आवडतो. तोही मधला नाही, कडेचा, जास्त भाजलेला. चहात बुडवायचा नाही. "दात हायेत तवर कडाकडा खाणार, दात पडल्यावर बुडवायचं हायेच," असं त्यांचं म्हणणं. 

एका तरुण सुनेला मारी आवडते, तीही कोरडी. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. सकाळी उठल्या उठल्या मळमळायचं. आशाताईंनी तिला सांगितलं होतं, अंथरुणातून उठायच्या आधी कोरडं काहीतरी थोडं खा. तिनं उशाशी मारीचा पुडा ठेवला. ती बिस्कीट कडेकडेनं, गोल फिरवत, उंदरासारखं कुरतडते. आता मूल पाच वर्षांचं झालं, पण खायची तऱ्हा तीच.

एकीला आवडतो खारीचा चुरा. अख्खी खारी नाही, चुराच. तिची आई बेकरीत पत्रे घासायला जायची. संध्याकाळी येताना कागदात चुरा आणायची. अख्खी खारी महाग, चुरा स्वस्त. बशीत चुरा, त्यावर गरम चहा, आणि चमच्यानं खायचं. आज तिला अख्खी खारी परवडते. पण ती म्हणते, "अख्खी खाल्ली की कुणाकडं तरी पाहुणी गेल्यासारखं वाटतंय."

एक म्हणाली, मला मुळात गोडच आवडत नाही. खारट, जिरं घातलेलं बिस्कीट आणि मूठभर शेंगदाणे, एवढं मिळालं की झालं. लग्नात ताटात बुंदी वाढतात, ती शेजारणीच्या ताटात सारते. तिची सासू म्हणायची, "गोड न खाणारी बाई मेली कडूच असती." वीस वर्षं तिनं ते ऐकून घेतलं.

आणि एक जण फटकन म्हणाली, "तुमची फिकी बिस्किटं तुमाला लखलाभ. मला क्रीमचंच आवडतंय. दोन्ही फाका उघडून आधी मधलं चाटायचं. फिकं म्हंजे आजाऱ्याचं खाणं." आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. तिचंही बरोबरच आहे. आवड म्हणजे आवड, तिला कुणाची सही लागत नाही.

आता फिक्या बिस्किटात असं काय असतं, की इतक्या जणींना ते आवडावं? मी यावर बराच विचार केला. फार गोड बिस्किटात जिभेला साखरच कळते. फिक्यात पीठ कळतं. भाजल्याचा वास कळतो. मिठाचा एखादा कण लागतो. भाकरीचा पापुद्रा नुसता खाताना जी चव लागते ना, तिच्या जवळची ती चव आहे. आणि ते पोटभर खाल्लं तरी तोंडाला मिठी बसत नाही.

या साध्या बिस्किटांच्या मागे गोष्टीही मोठ्या आहेत, बरं का. 'बिस्कीट' हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ दोनदा भाजलेलं. आपला टोस्ट अगदी तसाच होतो. आधी पाव भाजायचा, मग त्याचे काप करून पुन्हा भट्टीत सुकवायचे. पाणी निघून गेलं की तो टिकतो. म्हणून पूर्वी जहाजावरचे खलाशी आणि लढाईवरचे शिपाई असली कोरडी बिस्किटं बरोबर नेत.

आणि मारी? ती तर राजघराण्यातली. १८७४ साली रशियाच्या राजकन्येचं, मारिया तिचं नाव, लग्न इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या मुलाशी झालं. त्या लग्नासाठी लंडनच्या पीक फ्रीन नावाच्या बिस्कीट कंपनीनं एक नवं बिस्कीट काढलं आणि त्याला नवरीचं नाव दिलं. राजकन्येचं लग्न, पण बिस्कीट बघा कसं. ना क्रीम, ना जाम, ना वर साखर. साधं, गोल, कडेला नक्षी आणि मधे भोकं. ती भोकं नुसती शोभेची नाहीत. भाजताना पिठातली वाफ त्यातून निघून जाते, म्हणून बिस्कीट पुरीसारखं फुगत नाही, सपाट राहतं. आपण कडक पुरीच्या लाटीला टोचे मारतो, तीच युक्ती.

आपल्याकडे बिस्कीट सुखासुखी आलेलं नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. ती ख्रिस्ती लोकांची जागा. तिथं न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, आणखी बरीच मोठी माणसं होती. सभा झाल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात केवढा गहजब उडाला. धर्म बुडाला, यांना वाळीत टाका. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे. एका चहाच्या पेल्यापायी माणसांची झोप उडाली होती. तोंडात काय घालायचं हे दुसऱ्यांनी ठरवायचं, ही रीत आपल्याकडे किती जुनी आहे बघा.

मग काळ बदलला. मुंबईत विलेपार्ल्याला १९२९ साली एक कारखाना निघाला. आधी तिथं गोळ्या-चॉकलेटं होत, १९३९ पासून बिस्किटं व्हायला लागली. गावाच्या नावावरूनच त्या कंपनीचं नाव पार्ले पडलं. तोवर बिस्कीट म्हणजे बहुतेक करून साहेबाचं खाणं. इथं व्हायला लागलं तेव्हा ते साध्या माणसाच्या बशीत आलं. आज वाडीवरच्या टपरीतसुद्धा साखर-चहापत्तीच्या जोडीला बिस्किटाचा पुडा असतोच.

पण टपरीत आलं म्हणून आपल्या वाट्याला आलं असं नाही. आता मी तुम्हाला माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. मी त्यांना आत्या म्हणायची. गोष्ट सांगताना मलाच थोडं कमीपणा वाटतो, पण सांगायलाच हवी.

आत्यांचं वय झालं, रानात जाणं बंद झालं. मी दर रविवारी बाजारला गेले की त्यांच्यासाठी क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे आणायची. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला मऊ आणि गोड बरं. पैसे हातात कमी असले तरी ते दोन पुडे चुकवले नाहीत. आत्या म्हणायच्या, "ठेव बाई फडताळात." मला बरं वाटायचं. सून म्हणून आपण करतोय, असं मनात यायचं.

दोनेक वर्षं अशी गेली. मग गावात तपासणी शिबिर झालं. आत्यांच्या बोटाचं रक्त घेतलं, तर साखर वाढलेली. पुढच्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, दिवसभरात काय काय खाता?" आत्यांनी सांगितलं, भाकरी, कालवण, दोन वेळा चहा. "चहाबरोबर?" आत्या म्हणाल्या, "सून आणती ती बिस्किटं. निम्मी नातवाला देते. निम्मी खाते. मला त्येचा लई गोडवा सोसत न्हाई, पण आणलेलं टाकायचं कसं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येताना वाटेत मी थोड्या रागानंच म्हटलं, "आत्या, आवडत नव्हती तर बोलायचं होतं की. दोन वर्षं मी आणतेय."

त्या म्हणाल्या, "तू येवढ्या हौसेनं आणतीस. मोडता कसा घालू? आन् इचारलं कुणी मला?"

खरं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी नाही, माझ्या नवऱ्यानं नाही, मामंजींनी तर जन्मात नाही. मी म्हटलं, "बरं, आता विचारते. तुम्हाला काय आवडतं?" त्या लगेच काही बोलल्या नाहीत. ओढा ओलांडला, चढण चढलो, तिथं दगडावर दम खायला बसल्या, आणि मग म्हणाल्या, "बटर. साधं. माझा बाप बाजारातनं सुतळीत बांधून आणायचा. आमा भावंडांना एकेक. मी माझं सगळ्यांच्या शेवटी खायची."

बटर म्हणजे आपलं बेकरीतलं गोल, कडक, पावाच्या पिल्लासारखं असतं ते. नाव बटर, पण लोण्याशी त्याचा संबंध नावापुरताच. कोरडं खाल्लं तर दाताशी झुंजतं, चहात सोडलं की फुगून मऊ होतं. ज्या बेकरीसमोरून मी दर रविवारी जात होते, तिथंच काचेच्या बरणीत ते भरलेलं असायचं. क्रीमच्या पुड्यापेक्षा स्वस्त.

आता कुणी असं समजू नका, की क्रीमच्या बिस्किटानं आत्यांना साखर झाली आणि बटर खाऊन बरी झाली. तसं काही नसतं. साखरेच्या आजाराला वय असतं, घराणं असतं, बरंच काही असतं. आणि बटरसुद्धा मैद्याचंच. डॉक्टरबाईंनी मोजून एक सांगितलं होतं, तेवढंच मी द्यायची, बिनसाखरेच्या चहाबरोबर. पण एक बटर खायला आत्या जेवढा वेळ लावायच्या, तेवढ्या वेळात माझ्या दोन भाकरी थापून व्हायच्या. त्या आणखी तीन वर्षं होत्या. त्या तीन वर्षांत त्या मला जेवढं बोलल्या, तेवढं आधीच्या अठरा वर्षांत बोलल्या नव्हत्या. बटरवरून बापाची गोष्ट निघाली, बापावरून माहेरची, माहेरावरून त्यांच्या धाकट्या बहिणीची, जी लहानपणीच गेली. ते सगळं त्यांनी कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

आता थोडं हिशेबाचं बोलू. गटातल्या बाया आपण, हिशेब सोडून कसं चालेल?

फिकं बिस्कीट म्हणजे बिनसाखरेचं बिस्कीट, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. पुडा उलटा करून बघा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला वाचायला सांगा, तिचाही अभ्यास होईल. घटक पदार्थांची यादी असते. त्या यादीत जो पदार्थ सगळ्यात जास्त तो पहिला लिहायचा, असा नियम आहे. पुष्कळ पुड्यांवर क्रम सापडेल, मैदा, साखर, तेल. म्हणजे मैद्याच्या खालोखाल साखरच. नाचणीचं, ओटचं असं पुढं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं, तरी मागच्या यादीत नाचणी कितव्या नंबरला आहे ते बघा.

मी परवा एका मारीच्या पुड्यावर पाहिलं. १०० ग्रॅममागे २२ ग्रॅम साखर लिहिली होती. एक मारी साधारण साडेपाच ग्रॅमची धरली, तर एका बिस्किटात सव्वा ग्रॅम साखर. चार बिस्किटं खाल्ली की पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा. आता आपल्या चहाचा हिशेब करा. कपात दोन चमचे साखर, म्हणजे दहा ग्रॅम. दिवसात तीन कप, म्हणजे तीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर जास्त चांगलं. म्हणजे बिस्किटाला हात लावायच्या आधीच चहानं आपला वाटा ओलांडला.

म्हणून मी स्वतःपुरती एक गोष्ट केली. चहातली साखर दोन चमच्यांवरून एकावर आणली. एकदम नाही, महिनाभरात, थोडी थोडी करून. पहिले आठ दिवस चहा औषधासारखा लागला. मग एक दिवस असं झालं, की मारी गोड लागायला लागली. इतकी वर्षं मी तिला फिकी म्हणत होते. ती फिकी नव्हतीच, माझ्या गोड चहापुढं तिची चवच कळत नव्हती.

आणि खारी, नमकीन बिस्किटं खाणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही ऐका. तिथं साखर कमी, पण पापुद्रे सुटायला तूप-तेल भरपूर लागतं, आणि वर मीठ. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हात आखडता ठेवा. आवडतं ते खावं, पण मोजून खावं.

आता शेवटची गंमत सांगते, आमच्या भट्टीची. आमच्याकडे उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या आधी बायका पीठ, साखर, वनस्पती तूप घेऊन तालुक्याच्या बेकरीत जातात आणि डबा भरून गव्हाची बिस्किटं करून आणतात. तुमच्याकडेही जात असतीलच. आमच्याकडचं ठरलेलं माप म्हणजे एक किलो पिठाला पाऊण किलो साखर आणि पाऊण किलो तूप. हे माप कुणी ठरवलं, माहीत नाही. आईनं केलं म्हणून आपण करतो.

त्या बैठकीनंतर आम्ही पाच जणी म्हणालो, या वेळी आपल्या आवडीची करू. कमी गोड. उत्साहात आम्ही साखर पाव किलोवर आणली आणि काटकसर म्हणून तूपही तेवढंच केलं. भट्टीवाल्या भाऊंनी विचारलं, "ताई, नक्की ना?" आम्ही म्हटलं, नक्की. जी बिस्किटं झाली, ती कौलांवर घालायच्या लायकीची होती. पांढरीफटक आणि दगडासारखी. घरातल्या माणसांनी आठ दिवस आमची चेष्टा केली. एकीच्या नवऱ्यानं तर एक बिस्कीट दाराला अडणी म्हणून लावून दाखवलं.

पण आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आधी भाऊंनाच विचारलं. त्यांनी नीट सांगितलं. साखर नुसती गोडीसाठी नसते. भाजताना ती वितळते, बिस्कीट पसरतं, रंग धरतं, खुसखुशीत होतं. साखर कमी करायची तर तूप फार कमी करू नका, कारण पिठाचा चिवटपणा तूपच मोडतं. पीठ जास्त मळू नका, नुसतं गोळा करा. बिस्कीट जाड ठेवू नका, पातळ लाटा. काट्यानं टोचा. आणि मंद भट्टीत जास्त वेळ ठेवा, म्हणजे आतपर्यंत सुकेल. रंग फिका राहणारच, रंगावर जाऊ नका.

दुसऱ्या वेळी आम्ही एक किलो पिठाला तीनशे ग्रॅम पिठीसाखर, अर्धा किलो तूप, एक चमचा मीठ, दोन चमचे भाजून भरडलेलं जिरं आणि भिजेल एवढंच दूध घेतलं. काय सांगू तुम्हाला! खुटकन मोडणारी, जिऱ्याच्या वासाची, किंचित गोड, किंचित खारट. गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली तर वाफेनं मऊ पडतात. पावसाळ्यात सादळली तर तव्यावर मंद आचेवर जरा परतून घ्या, पुन्हा कडक होतात.

आणि सगळ्यात मोठी गंमत ऐका. ही बिस्किटं घरातल्या पोरांना फारशी आवडली नाहीत. "आई, ह्यात साखर विसरलीस का?" म्हणून ती बाजूला झाली. दर वेळी चार दिवसांत रिकामा होणारा डबा या वेळी तीन आठवडे पुरला. संध्याकाळी रानातून आल्यावर चहाबरोबर दोन बिस्किटं माझी मला मिळायला लागली. तळाचा चुरा नाही, मोडकं नाही, अख्खी. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि माझ्या घरात माझ्या आवडीचा डबा पहिल्यांदा झाला. पोरांसाठी त्यांच्या आवडीची वेगळी केली, हे सांगायला नको.

मैत्रिणींनो, बिस्कीट ही लहान गोष्ट आहे, मला ठाऊक आहे. पण ज्या बाईला पाच रुपयांच्या पुड्यात आपली आवड सांगता येत नाही, ती पोरीच्या लग्नाच्या वेळी, जमिनीच्या वाटणीच्या वेळी, ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवताना आपलं मत कुठून सांगणार? तिथंही ती म्हणणार, "काय बी चालंल." ही तीन शब्दांची सवय आहे, आणि सवय लहान जागीच मोडता येते.

तर एवढं करा. पुढच्या बैठकीत चहाची पाळी जिची असेल, तिनं प्रत्येकीला विचारावं, तुला काय आवडतं? आणि उत्तर देणारीनं पोराचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घरी सासूबाई असतील तर त्यांना विचारा. माहेरी आई असेल तर फोन करून विचारा. लगेच उत्तर आलं नाही तर घाई करू नका. आत्यांना ओढा ओलांडून चढण चढेपर्यंत वेळ लागला होता.

आमच्या गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही चौदा नावं लिहिली आहेत, आणि प्रत्येकीच्या नावापुढं तिची आवड. टोस्ट, कडेचा. मारी, कोरडी. चुरा. क्रीमचं. माझ्या नावापुढं, गव्हाचं, जिरं घातलेलं. अजून दोन नावांपुढं जागा मोकळी आहे. त्या दोघी म्हणाल्या, आम्हाला जरा विचार करू द्या. आम्ही म्हटलं, करा, पान कुठं पळून जातंय?

तुमचा चहा आता उकळला असेल. दोन चमच्यांऐवजी आज दीडच घालून बघा. नमस्कार.